लाल ठिगळाचे बूट

शेकोटीतलं ओलं लाकूड धुपायला लागलं, तसं सुतारमामांनी ते काठीने बाजूला ओढलं आणि भाचरांना म्हणाले, मोबाइल ठेवा खिशात. गोष्ट हवी तर गोष्ट ऐका, नाहीतर ते व्हिडिओ बघत बसा. दोन्ही एकदम मला जमत नाही.

धाकट्या भाचीने विचारलं, भूत आहे ना गोष्टीत? मामा म्हणाले, ते तुमचं तुम्ही ठरवा. मी सुतार माणूस. मला दार कळतं, चौकट कळते, बिजागरी कळते. ही गोष्ट एका दाराची आहे, आणि ते दार मीच बसवलेलं होतं. ज्या घराचं दार, त्या घरची सून माझी मावसबहीण. ती गेली गेल्या उन्हाळ्यात. जाण्याआधी दवाखान्यात माझा हात धरून तिने मला हे सांगितलं. ती होती तोवर मी तोंड उघडलं नाही. आता सांगतो. पदरचं काही घालणार नाही, आणि तुम्हीही मधेमधे ‘मग? मग?’ करायचं नाही. मग काय झालं ते सांगायलाच बसलोय ना मी?

तर ऐका.

हिवाळ्यातली सगळ्यात मोठी रात्र असते ना, वर्षातून एकदा येते ती, त्या दिवसाची दुपार. माझी बहीण एक गमबूट पिशवीत घालून चौकातल्या सायकलवाल्याकडे निघाली होती. एकच बूट, डावा. त्याला टाचेच्या वर चीर गेली होती आणि गोठ्यातलं पाणी आत शिरत होतं. बूट तिचा नव्हता, तिच्या नणंदेचा होता. नणंद म्हणजे आक्का. सायकलवाला म्हणाला, काळं रबर संपलंय ताई, लाल आहे ते लावू का? ही म्हणाली, लावा, बुटाला काय लग्नाला जायचंय? त्याने घासून, डिंक लावून, ठोकून लाल ठिगळ बसवलं आणि वर ऐट मारली, की बूट जाईल ताई, पण माझं ठिगळ जाणार नाही.

घरी आल्यावर आक्काने ते बघितलं आणि खूप हसली. म्हणाली, बरं झालं धाकटे, आता माझे बूट कुणी चोरणार नाही.

धाकटी म्हणजे माझी बहीण. त्या घरात तिला तेच नाव पडलं होतं. माणसं तिघंच. आक्का, तिचा लहान भाऊ आणि भावाची बायको ही धाकटी. शेत थोडंसंच, एक तुकडा घराजवळ आणि एक खाली ओढ्याकडे, शिवाय चार गाई. आईबाप लवकर गेले तेव्हा भाऊ शाळेत होता. त्याला वाढवता वाढवता आक्काचं लग्नाचं वय निघून गेलं. त्या भावाला सगळे साहेब म्हणायचे. हुद्दा वगैरे काही नाही हो. पायाला शेण लागलं की दिवसभर नाक मुरडून बसायचा, म्हणून साहेब. आधी लोक चेष्टेने म्हणायचे, पुढे त्यालाच ते खरं वाटायला लागलं.

आक्का तोंडाने फटकळ होती. पण धाकटी नवी नवरी म्हणून आली आणि गाईजवळ जायला घाबरली, तेव्हा आक्कानेच तिचे हात हातात धरून तिला धार काढायला शिकवलं. धाकटीचं पहिलं मूल पोटातच गेलं. तेव्हा साहेब दोन दिवस बाहेर फिरत राहिले आणि आक्का रात्र रात्र हिच्या उशाशी बसून राहिली. माझी बहीण म्हणायची, मला आया दोन होत्या. एकीने जन्म दिला, दुसरीने तो सांभाळला.

आक्काला दमा होता. एरवी चालून जायचं, पण कडक थंडी छातीत बसली की तिचा आवाजच जायचा. बोलायला गेली तर नुसती शिट्टी वाजल्यासारखा श्वास. तोंडात मारायचा पंप तिच्या खोलीत खिडकीत ठेवलेला असायचा. हे घरात सगळ्यांना माहीत होतं. साहेबांनाही.

आणखी एक सांगतो, ते नीट लक्षात ठेवा. त्या घरात वडिलांनी घालून दिलेली एक रीत होती. गोठ्यातून आलं की गमबूट काढायचे आणि दाराच्या आत, भिंतीशी, ओळीने ठेवायचे. रात्री जो दार लावेल त्याने आधी ती ओळ बघायची. मग मोठ्याने विचारायचं, बाहेर कुणी राहिलंय का? आतून कुणीतरी म्हणायचं, नाही, सगळे आत आहेत. मगच अडसर घालायचा. तो अडसर मी घडवलेला, मनगटाएवढा जाड, दोन्हीकडे लोखंडी आकड्यांत बसणारा. एकदा बसला की बाहेरून चार माणसं लागली तरी दार हलायचं नाही. खिडक्यांना गज. घर कसं पेटीसारखं बंद व्हायचं.

त्या संध्याकाळी घरात खडाजंगी झाली. एका वीटभट्टीवाल्याला ओढ्याकडचा तुकडा हवा होता, आणि साहेबांना तो देऊन टाकायचा होता. गाई काढायच्या, माती विकायची आणि आपण खुर्चीत बसायचं, असं त्यांनी डोक्यात घेतलं होतं. पण जमीन दोघांच्या नावावर. आक्काच्या सहीशिवाय काही होईना. ती म्हणाली, बापाची माती भाजून विटा करतोस? माझ्या जिवात जीव आहे तोवर नाही. आणि ताटावरून उठून गोठ्यात गेली. गाय व्यायला आली होती.

आता आक्काची एक सवय होती. वासरू ओढायचं असलं की ती बूट काढून गोठ्याच्या दाराशी ठेवायची. बूट घसरतात, अनवाणी पाय जमिनीत नीट रोवता येतात म्हणायची. त्या रात्रीही तिने तेच केलं.

थोड्या वेळाने साहेब गोठ्यात गेले. शेवटचं विचारून येतो म्हणाले. धाकटी स्वयंपाकघरात भांडी घासत होती. तिने त्यांना परत आलेलं ऐकलं, वळून काही बघितलं नाही. ते सरळ आतल्या खोलीत जाऊन पडले. हात पुसत ती दाराशी आली. ओळ बघितली. साहेबांचे बूट होते. तिचे स्वतःचे होते. आणि आक्काचे होते, लाल ठिगळवाले.

रीतीप्रमाणे तिने विचारलं, बाहेर कुणी राहिलंय का?

आतून साहेब म्हणाले, “नाही. सगळे आत आहेत. आक्का केव्हाच झोपली.”

तिने अडसर घातला. स्वतःच्या हाताने घातला. हे सांगताना, पोरांनो, माझी बहीण दवाखान्याच्या खाटेवर स्वतःच्या हातांकडे बघत होती.

रात्री कधीतरी दार वाजलं. ठक, ठक, ठक. मग थांबलं. मग पुन्हा ठक, ठक, ठक. हाक नाही, शब्द नाही. धाकटीला जाग आली. तिने साहेबांना हलवलं आणि विचारलं, कोण वाजवतंय?

“वारा आहे. झोप.”

वारा तीनदा वाजवून थांबत नाही, हे काय तिला कळत नव्हतं? आणि त्या रात्री झाडाचं पानही हलत नव्हतं. पण रजई गरम होती. बाहेर हाडं गोठतील अशी थंडी. साहेबांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला होता, आणि तो हात जरा जडच होता. तिने मनाशी म्हटलं, ते म्हणतात तर असेल वारा. आणि ती झोपली. मेली झोप लागली मला, असं ती म्हणायची. सगळ्यात जास्त राग तिला त्या झोपेचा होता.

सकाळी दार उघडलं तर आक्का उंबऱ्याशी बसलेली. गुडघे पोटाशी, डोकं चौकटीला टेकलेलं. पाय अनवाणी. तिची शाल गोठ्यात होती, नव्या वासराच्या अंगावर. गवतावर दव गोठून पांढरं पडलं होतं आणि त्यावर गोठ्यापासून दारापर्यंत तिची पावलं होती.

साहेब लोकांपुढे ढसाढसा रडले. रात्री घाईत अनवाणी गाईकडे गेली असेल, आम्हाला कळलंच नाही, म्हणाले. लोकांनी मान डोलावली. आक्का तशी हट्टी होतीच. पण धाकटीने आक्काची खोली बघितली होती. अंथरूण घडी केलेलं, तसंच. आणि ओळीत बूट. ती काय समजायचं ते समजली. बूट आपल्या पायांनी चालत आत आले नव्हते. आणि आतून लावलेल्या दाराबाहेर आक्का नंतर गेली असेल, तर तिच्या मागे अडसर कुणी घातला?

तुम्ही म्हणाल, मग बोलली का नाही ती? तेच मी विचारलं तिला. ती म्हणाली, काय बोलू? अडसर माझ्या हातचा होता. एकदा फक्त, तेराव्यानंतर, तिने अंधारात नवऱ्याला विचारलं, की त्या रात्री वाजत होतं ते काय होतं? साहेब म्हणाले, सांगितलं ना, वारा होता. त्यानंतर त्या दोघांत कामापुरतंच बोलणं उरलं.

आक्काचे बूट ओळीत तसेच राहिले. हलवायचा कुणाला धीर झाला नाही. आणि काही दिवसांनी धाकटीच्या लक्षात आलं, की सकाळी ते बूट ओले असतात. साहेबांचे कोरडे, तिचे कोरडे, आणि आक्काचे ओले, टाचेला ताजा चिखल. तिने ते पुसले. दुसऱ्या सकाळी पुन्हा ओले. साहेबांनीही ते बघितलं. एक दिवस त्यांनी कुंपणाची तार घेतली, दोन्ही बूट एकमेकांना करकचून बांधले आणि मागच्या पडक्या विहिरीत टाकून दिले. पुढे त्या विहिरीवर दगडी फरशी टाकून घेतली. चार माणसं लागली ती फरशी उचलायला. मी होतो त्या चौघांत. मला वाटलं, गुरंढोरं पडू नयेत म्हणून असेल. शहाणपणाचं काम म्हणून मी त्यांचं कौतुकही केलं.

मग उन्हाळा गेला, पावसाळा गेला. तीन गाई विकल्या गेल्या, चौथी धाकटीचं रडणं न बघता विकली गेली. भट्टीवाल्याचं पक्कं ठरलं. आता सही एकाचीच पुरत होती. राहिली होती फक्त ती कालवड, आक्काने शालीत गुंडाळलेलं वासरू ते. धाकटी तिला विकू देईना. तिच्या गळ्यात हात टाकून उभी राहायची. शेवटी साहेबांनी तिला न विचारता सौदा केला. उद्या सकाळी ट्रक येईल, कालवड जाईल, आणि त्याच दिवशी ओढ्याकडे पहिली कुदळ पडेल. हे त्यांनी तिला जेवताना सांगितलं. तिने हातातला घास खाली ठेवला.

ती रात्र कुठली, सांगायला नको. वर्ष फिरून आलं होतं. हिवाळ्यातली सगळ्यात मोठी रात्र.

जेवणं झाली. गोठ्यात कालवड हंबरायला लागली. थांबेना. साहेब चिडले, बॅटरी घेतली, बूट घातले आणि तिला एक काठी हाणून येतो म्हणून बाहेर पडले. धाकटी चुलीशी बसून राहिली. तिच्या मनात एकच होतं, की आक्काची शेवटची खूण उद्या जाणार आणि आपण पुन्हा काही करणार नाही. पुन्हा झोपणार.

कालवड एकदम गप्प झाली.

मग दार वाजलं, उघडल्याचं. बूट आपटल्याचा आवाज. पावलं आतल्या खोलीत गेली. खाट करकरली. रोजचंच सगळं. धाकटी उठली. चुलीतला विस्तव झाकला. दाराशी आली. ओळ बघितली. साहेबांचे बूट होते. ओले. तिचे होते. बास.

तिने विचारलं, बाहेर कुणी राहिलंय का?

“नाही. सगळे आत आहेत.”

साहेबांचाच आवाज. तिने अडसर घातला. दिवा मालवला. अंधारात चाचपडत खोलीत गेली. खाटेवर रजईत ते भिंतीकडे तोंड करून पडले होते. ती आपल्या बाजूला आडवी झाली. उद्याचं काय बोलायचं ते जुळवत होती. बोलायचंच आज, असं तिने ठरवलं होतं.

तेवढ्यात तिला थंडी वाजली.

रजईच्या आत. त्यांच्या बाजूने. भिजलेल्या फडक्याचा गारवा असतो ना, तसा. आणि वास. ओल्या गवताचा. नुकत्याच जन्मलेल्या वासराचा वास असतो, तो... ज्यांनी घेतलाय त्यांनाच कळेल. घरात वर्षभरात वासरू झालं नव्हतं.

ती हलली नाही.

ठक. ठक. ठक.

पुढचं दार.

थांबलं.

ठक, ठक, ठक.

शेजारच्या माणसाला हलवायला हात उचलला, पण लावायचा धीर होईना. तसंच विचारलं. “कोण... वाजवतंय?”

“वारा आहे. झोप.”

तेच शब्द. तोच आवाज. तशीच तुटक बोलण्याची ढब. आणि मग खांद्यावर हात आला. जड.

बर्फासारखा गार.

धाकटी कशी उठली ते तिचं तिला आठवत नव्हतं. पुढच्या खोलीत येऊन भिंतीला पाठ लावून उभी राहिली. दार वाजत होतं. आता बाहेरून हाकही येत होती. साहेबांची हाक.

“अगं, मी आहे. उघड.”

आत साहेब. बाहेर साहेब.

ती दाराजवळ गेली. अडसरावर दोन्ही हात ठेवले. लाकूड गार लागत होतं.

“अगं, ऐकतेस ना? पाय... माझे पाय उचलत नाहीत. चालताच येत नाहीये. सरपटत आलो. दार उघड.”

बाहेरचा आवाज कापत होता. दात वाजत होते. त्या आवाजात भीती होती, आणि भीती खोटी नसते. धाकटीला कळलं. बाहेर आहे तो माझा नवरा. माणूस बाहेर आहे.

मग आत कोण आहे, हे तिला विचारावंसं वाटलं नाही. ते तिला माहीत होतं.

तिने अडसर थोडा उचलला. एका बाजूने. आणि थांबली.

“एक सांगा,” ती म्हणाली. “त्या रात्री दार वाजत होतं. ते काय होतं?”

बाहेर सगळं गप्प.

“खरं सांगा. खरं सांगितलंत की उघडते. आक्काची शपथ.”

नुसता श्वास. त्यांचा. मग...

“आधी उघड. मग बोलू.”

“आधी सांगा.”



“वारा होता,” साहेब म्हणाले. “किती वेळा सांगायचं तुला? वारा होता. उघड आता.”

खरं बोलले असते, तर उघडणार होती ती. हे तिने मला दोनदा सांगितलं. नवरा होता. राग कितीही असो, थंडीत मरायला सोडायचं तिच्या मनात नव्हतं. एक खरा शब्द हवा होता तिला. तेवढाच. वर्षभर थांबली होती त्यासाठी.

आतल्या खोलीत खाट करकरली.

आणि आतून आवाज आला. पण आता तो साहेबांचा नव्हता. बसलेला. घोगरा. शब्दाशब्दाला शिट्टी वाजत होती.

“वारा आहे, धाकटे. झोप.”

...

धाकटीने अडसर परत आकड्यात बसवला.

इथे मामा थांबले. मामांनी एक काटकी मोडली, विस्तवात टाकली आणि म्हणाले, ऐका, लोक अशा गोष्टींत सांगतात की हात लुळे पडले, लाकूड जड झालं, उचलेना. मीही तिला तेच म्हटलं, तिला बरं वाटावं म्हणून. ती म्हणाली, नाही दादा. अडसर जड झाला नव्हता. नेहमीसारखाच होता.

ती दाराला पाठ लावून खाली बसली. पाठीमागे दार वाजत राहिलं. साहेब आधी चिडले, मग रडले, मग आईला हाका मारायला लागले. मग आक्काला. लहानपणी मारायचे तशा. “आक्का... आक्का गं...” त्या घरात त्यांना थंडी वाजली की कायम तिनेच पांघरूण घातलं होतं. आता कुणी उठलं नाही.

हळूहळू ठक ठक विरळ झाली. दोन. मग बऱ्याच वेळाने एक.

मग नाही.

आणि जसजसं बाहेर शांत होत गेलं, तसतसा आतल्या खोलीतला श्वास मोकळा होत गेला. शिट्टी कमी झाली. शेवटी तर गाढ झोपलेल्या माणसाचा असतो तसा, लयीत, सुखाचा. धाकटी तो ऐकत बसून राहिली. तिला भीती वाटली नाही म्हणाली. खूप वर्षांनी आपल्या घरात कुणीतरी नीट झोपलंय, असं वाटलं तिला. उजाडायच्या सुमाराला तोही थांबला.

सकाळी सगळ्यांच्या आधी ट्रकवाला आला. त्याने आरडाओरडा केला, मग शेजारी जमले, मग तिने मला फोन केला. नुसतं म्हणाली, दादा, ये. आणि हत्यारं घेऊन ये. हत्यारं कशाला, ते फोनवर सांगेना.

मी गेलो. साहेब उंबऱ्याशी बसलेले. गुडघे पोटाशी, डोकं चौकटीला टेकलेलं. धाकटी लोकांना सांगत होती, मला वाटलं ते आत झोपलेत, मी विचारलं होतं, आतून उत्तर आलं होतं. लोक म्हणाले, बिचारीचं डोकं फिरलंय. खोटं तर ती एक अक्षरही बोलत नव्हती. ट्रक रिकामा परत गेला. ओढ्याकडच्या त्या तुकड्यात कुदळ पडली ती पुढे पेरणीसाठीच. त्या कालवडीची वासरं आहेत अजून त्या गोठ्यात. आणि अडसर तिने मला त्याच दिवशी काढून न्यायला लावला. म्हणाली, या घराला आता नको.

पण हत्यारं लागली ती अडसरासाठी नाही.

साहेबांचे स्वतःचे बूट आत ओळीत होते, मी माझ्या डोळ्यांनी बघितले. आणि बाहेर त्यांच्या पायात गमबूट होते. बाईमाणसाचे, त्यांच्या पायाला दोन बोटं तरी आखूड. टाच त्यात जाणं शक्यच नव्हतं, पण गेली होती, घट्ट, मांसात रुतून. बूट पाण्याने डबडबलेले, वर विहिरीचं शेवाळ. आणि दोन्ही बूट घोट्यापाशी एकमेकांना बांधलेले, कुंपणाच्या तारेने. तारेचे पीळ गंजले होते, म्हणजे त्या रात्रीचे नव्हते. मी मागे जाऊन बघून आलो. विहिरीवरची फरशी जागच्या जागी होती, तिच्यावरचं गोठलेलं दवसुद्धा मोडलेलं नव्हतं.

लोकांना अंत्यविधीची घाई होती. बूट निघेनात. शेवटी मी पक्कडीने तार तोडली आणि पटाशी लावून बूट कापायला घेतले. उजवा फाटला, डावाही वरून खालपर्यंत फाटला. फक्त टाचेच्या वर पटाशी लागेना. तिथलं लाल ठिगळ होतं तसंच होतं, वर्षभर पाण्यात राहूनही कडेने एवढंसंही सुटलं नव्हतं.